बर्फ चिकटण्याआधी: शहराचे रस्ते आणि फुटपाथ हिवाळ्यात सुरक्षित कसे ठेवायचे

लहान शहराच्या रस्त्यांची हिवाळी देखभाल पहिल्यांदाच अंगावर आली, की बहुतेक जण आधी विचारतात, "मीठ किती टाकायचं?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याचा नंबर तिसरा. त्याआधी दोन गोष्टी ठरतात: रस्ता किती थंड आहे, आणि आपण तिथे कधी पोहोचणार आहोत.

सगळा बर्फ मिठाने वितळवणं हे आपलं काम नाही. तेवढं मीठ कुणाकडेच नसतं. मिठाचं काम एवढंच, की डांबर आणि बर्फ यांच्या मध्ये खारट पाण्याचा पातळ थर राहावा आणि बर्फ रस्त्याला धरून बसू नये. तो थर वेळेवर तयार झाला तर प्लाऊचं, म्हणजे बर्फ ढकलणाऱ्या गाडीचं, पातं बर्फ सहज उचलतं. एकदा बर्फ घट्ट चिकटला, वर गाड्यांनी तो दाबला, की त्याच रस्त्यावर कितीतरी पट मीठ ओतावं लागतं आणि तरी खाली गुळगुळीत थर राहतोच. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती लावल्या आहेत.

## हाताशी काय हवं

कागदपत्रं:
- रस्त्यांचा आणि फुटपाथांचा प्राधान्यक्रमाचा नकाशा, प्रत्येक गाडीच्या केबिनमध्ये एक प्रत
- पाळ्यांचा तक्ता आणि रात्री फोन कुणी कुणाला करायचा याची यादी
- प्रत्येक स्प्रेडरचा, म्हणजे मीठ पसरवणाऱ्या यंत्राचा, मोजणी-तक्ता (पायरी ३ पाहा)
- मीठ आणि इतर रसायनांची सुरक्षा-पत्रकं
- फेरीची नोंदवही

साधनं: इन्फ्रारेड थर्मामीटर, द्रावणाची घनता मोजणारा हायड्रोमीटर, वजनकाटा, ताडपत्री, खुणेचे उंच खांब, रुंद आणि अरुंद अशी दोन प्रकारची फावडी, बर्फ खरवडायचं लोखंडी पातं, फुटपाथसाठी हाताने ढकलायचा स्प्रेडर, चमकणारी जॅकेटं, बुटांना लावायचे काटे.

## १. हिवाळ्याआधी नकाशा बनवा

सगळे रस्ते एकदम मोकळे होणार नाहीत, हे आधीच मान्य करा आणि ते लोकांनाही आधीच सांगा. पहिल्या गटात रुग्णालय, अग्निशमन केंद्र, बसचे मार्ग, तीव्र चढ आणि पूल. दुसऱ्या गटात शाळांचे रस्ते आणि वस्त्यांना मुख्य रस्त्याशी जोडणारे मार्ग. उरलेल्या गल्ल्या तिसऱ्या गटात.

फुटपाथांचा प्राधान्यक्रम वेगळा लावा. इथे बरेच जण चुकतात: रस्त्याच्याच यादीला फुटपाथ जोडून मोकळे होतात. चालणाऱ्यांच्या वाटा गाड्यांसारख्या जात नाहीत. रुग्णालयाचं फाटक, बसथांबा, रस्ता ओलांडायच्या जागा, सार्वजनिक पायऱ्या, वृद्धाश्रमाकडे जाणारी वाट या जागा पहिल्या गटात हव्यात, मग त्या बाजूचा रस्ता तिसऱ्या गटातला का असेना.

नकाशावर थंड जागा वेगळ्या रंगाने दाखवा. पुलाला खालूनही वारा लागतो आणि जमिनीची ऊब मिळत नाही, म्हणून तो आधी गोठतो. झाडांच्या किंवा उंच इमारतींच्या सावलीतले तुकडे, पाण्याकाठचे सखल रस्ते, जिथे झरा किंवा गळकी पाइप रस्त्यावर येते ती वळणं, हे सगळं कोरड्या दिवसात चालत फिरून नोंदवा. गळती दिसली तर ती आत्ताच बुजवून घ्या. जानेवारीत तिथे रोज मीठ टाकण्यापेक्षा ते फार स्वस्त पडतं.

शेवटी रस्त्याचे कठडे, गतिरोधक, उंच आलेली चेंबरची झाकणं, गटारांच्या जाळ्या आणि अग्निशमनाचे नळ यांच्याशेजारी खांब रोवा. बर्फाखाली यातलं काहीच दिसत नाही, आणि गतिरोधकावर आदळलेलं पातं वाकतं किंवा ड्रायव्हरला दुखापत करतं.

## २. मीठ: किती आणि कसं साठवायचं

हिशेब सोपा आहे. समजा, पहिल्या दोन गटांचे मिळून ४० किलोमीटर रस्ते आहेत, सरासरी रुंदी ६ मीटर, आणि एका फेरीत चौरस मीटरला १५ ग्रॅम मीठ पडतं. म्हणजे किलोमीटरला ९० किलो, एका पूर्ण फेरीला ३.६ टन. याला गेल्या काही हिवाळ्यांतल्या फेऱ्यांच्या संख्येने गुणा. वाहतूक बंद पडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते तेव्हाच मीठ सर्वांत जास्त लागतं, म्हणून पुढच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. एका लांबलेल्या वादळाला पुरेल एवढा साठा कायम शिल्लक ठेवा.

सैल मिठाचं वजन घनमीटरला साधारण १.२ टन भरतं. त्यावरून शेडचं माप काढा. खाली पाणी न झिरपणारी फरशी, वर छप्पर, आणि ढिगाऱ्याचं पाणी नाल्यात किंवा विहिरीकडे जाणार नाही असा उतार हवा. उघड्यावरचं मीठ पावसाने विरघळून जातं आणि उरलेल्याचे खडे बनतात. खडे स्प्रेडरच्या पट्ट्यात अडकतात, आणि ते नेमकं रात्री भर रस्त्यात घडतं. सर्वांत मोठा दाणा ६ ते १० मिलिमीटरचा असू द्या. मोठे दाणे चाकांखालून उडून कडेला जातात, फार बारीक मीठ लवकर पातळ होतं.

## ३. स्प्रेडर मोजून घ्या

या पायरीला कंटाळा केला जातो आणि मग हिवाळाभर मीठ अंदाजाने पडतं. यंत्रावर '१५' असं लिहिलंय म्हणून १५ ग्रॅम पडतंय असं धरू नका. साखळी सैल होते, झडप झिजते, मिठाची ओल बदलते.

मोजायची रीत अशी: गाडी सपाट जागी उभी करा, मीठ फेकणाऱ्या चकतीचं फिरणं बंद ठेवा किंवा तिला आडोसा लावा, खाली ताडपत्री अंथरा. नियंत्रकावर ताशी ३० किलोमीटरचा वेग आणि हवी ती मात्रा लावून बरोबर एक मिनिट मीठ पडू द्या. मग ते तोला. ताशी ३० किलोमीटर म्हणजे मिनिटाला ५०० मीटर. पसरण्याची रुंदी ६ मीटर असेल तर एका मिनिटात ३,००० चौरस मीटर झाले. १५ ग्रॅमच्या हिशेबाने ४५ किलो मीठ पडायला हवं. ६० किलो भरलं, तर तुम्ही प्रत्यक्षात २० ग्रॅम टाकत आहात. अशी मोजणी तीन मात्रांवर करा, आकडे तक्त्यात लिहा आणि तो तक्ता केबिनमध्ये चिकटवा.

जुन्या यंत्रात मात्रा गाडीच्या वेगाशी जोडलेली नसते. तिथे झडप तशीच ठेवून ड्रायव्हरने वेग निम्मा केला की रस्त्यावर दुप्पट मीठ पडतं. सिग्नलला थांबलेल्या गाडीमागे मिठाचा ढीग दिसला, तर कारण हेच.

एक नियम कुठल्याही घाईत मोडायचा नाही: पट्टा किंवा चकती अडकली की आधी इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच हात किंवा काठी आत. अडकलेला खडा सुटला की यंत्र एका क्षणात फिरतं.

## ४. हवेचं नाही, रस्त्याचं तापमान पाहा

हवामानाच्या अंदाजातलं तापमान जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवरचं असतं. निरभ्र, शांत रात्री रस्त्याची उष्णता थेट आकाशात निघून जाते आणि पृष्ठभाग हवेपेक्षा कित्येक अंशांनी थंड होतो. हवा ३ अंश सेल्सिअस असताना रस्ता शून्याखाली असू शकतो. ढगाळ रात्री हा फरक कमी होतो. सर्वांत थंड वेळ बहुधा सूर्योदयाच्या आसपास येते, म्हणजे लोक कामाला निघतात तेव्हाच.

दुसरा आकडा दवबिंदूचा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसू लागते त्याचा. रस्त्याचं तापमान शून्याखाली आणि दवबिंदूच्याही खाली गेलं, की कोरड्या दिसणाऱ्या रस्त्यावर हवेतली वाफ थेट दहिवर, म्हणजे बर्फाचा पातळ थर, होऊन बसते. रस्ता शून्याखाली पण दवबिंदूच्या वर आणि कोरडा असेल, तर काही टाकायची गरज नाही. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहायची सवय लागली, की विनाकारण होणाऱ्या फेऱ्या बऱ्याच कमी होतात.

इन्फ्रारेड थर्मामीटर उबदार केबिनमधून काढून लगेच वापरला तर चुकीचं दाखवतो. त्याला बाहेरच्या हवेत वीस-पंचवीस मिनिटं राहू द्या. आणि तो फक्त वरचा पृष्ठभाग मोजतो. बर्फावर रोखलात तर बर्फाचंच तापमान मिळेल, खालच्या डांबराचं नाही.

तापमान एवढं का महत्त्वाचं, ते आकड्यांतच दिसतं. एक किलो साधं मीठ उणे १ अंशाला सुमारे ४६ किलो बर्फ वितळवू शकतं. उणे ४ ला १४ किलो, उणे ७ च्या जवळ साडेआठ, उणे ९ ला ६, आणि उणे १२ ला जेमतेम ५ किलो. शिवाय थंडी वाढते तसा वेळही वाढतो. रस्ता उणे ९-१० च्या खाली गेला की नुसत्या मिठावर विसंबू नका. तिथे कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण मिसळा, नाहीतर पकडीसाठी कच (दगडाची बारीक खडी) टाका. कॅल्शियम क्लोराइड विरघळताना उष्णता सोडतं आणि हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून थंडीत ते उपयोगी. पण प्रमाणाबाहेर वापरलं तर तोच रस्ता ओलसर, निसरडा राहतो.

## ५. मिठाचं द्रावण बनवणं

मीठ कोरडं असताना काही करत नाही. आधी ते विरघळावं लागतं. म्हणून बनवलेलं द्रावण लवकर काम सुरू करतं. योग्य प्रमाण वजनाने २३.३ टक्के. या प्रमाणात मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू सर्वांत खाली, म्हणजे उणे २१ अंशांवर जातो. कमी मीठ असेल तर तो वर येतो: २० टक्क्यांना सुमारे उणे १६.५, १५ टक्क्यांना उणे ११, १० टक्क्यांना उणे ६.५. जास्त मीठ घातलं तरी फायदा नाही. थंडीत ते खडे होऊन खाली बसतं आणि नोझल तुंबतात.

१,००० लिटर पाण्याला ३०४ किलो मीठ. टाकीत ढवळा, गाळ खाली बसू द्या, वरचं द्रावण गाळून घ्या. हायड्रोमीटरवर १.१७ ते १.१८ या दरम्यान आकडा आला पाहिजे. प्रत्येक टाकी भरताना तपासा, कारण पातळ द्रावण फवारणं म्हणजे रस्त्यावर गोठणारं पाणी ओतणं.

हेच द्रावण कोरडं मीठ ओलं करायलाही वापरा: टनाला ३० ते ४० लिटर. ओलं मीठ रस्त्यावर उडत नाही, जागेवर चिकटतं आणि लगेच कामाला लागतं. नव्याने सुरुवात करताना एकच सुधारणा परवडणार असेल, तर स्प्रेडरवर द्रावणाची टाकी बसवा. इतर कुठल्याही बदलापेक्षा हिचा परिणाम लवकर दिसतो.

## ६. बर्फाआधीची फवारणी

दहिवर किंवा हलका बर्फ अपेक्षित असेल तर काही तास आधी द्रावण फवारा. एका लेनला किलोमीटरमागे साधारण १०० लिटर. साडेतीन मीटरच्या लेनवर हे चौरस मीटरला ८ ग्रॅम मीठ होतं. कोरड्या मिठाच्या निम्म्याच्या आसपास. नोझल पंख्यासारखी धार देणारी नको, सरळ बारीक धारा सोडणारी हवी. मग रेषांच्या मधला रस्ता कोरडा राहतो आणि चाकांना पकड मिळते.

फवारणी कधी टाळायची, हे तेवढंच महत्त्वाचं:
- बर्फाआधी पाऊस येणार असेल तर सगळं वाहून जाईल.
- रस्ता आधीच उणे ९ च्या खाली असेल तर.
- जोराचा वारा आणि भुरभुरीत कोरडा बर्फ असेल तर. कोरड्या रस्त्यावरून असा बर्फ उडून जातो; ओल्या रस्त्याला तो चिकटतो आणि नसलेलं संकट तयार होतं.

फवारणीची सोय नसेल तर ओलं केलेलं मीठ चौरस मीटरला १० ते १५ ग्रॅम टाका. जोराचा बर्फ येणार असेल तर २० ते ४० ग्रॅम.

## ७. बर्फ पडत असताना

क्रम लक्षात ठेवा: आधी ढकला, मग मीठ. बर्फाच्या जाड थरावर टाकलेलं मीठ पुढच्याच फेरीत प्लाऊ उचलून कडेला नेतो. टाकल्यानंतर त्याला काम करायला वेळ द्या. दुसरी गाडी लगेच मागून पातं लावून आली तर पहिलीचं मीठ वाया गेलं. गाड्यांमधलं अंतर ठरवताना हे धरा.

मीठ टाकताना वेग ताशी ३०-४० किलोमीटरच्या वर नेऊ नका. दोन बाजूंना उतार असलेल्या रस्त्यावर मीठ मधल्या उंच भागावर पडू द्या, द्रावण आपोआप दोन्ही कडांना उतरतं. वळणाला एकीकडेच उतार असेल तर उंच बाजूला.

ढकललेला बर्फ कुठे जातो यावर नीट लक्ष द्या. गटारांच्या जाळ्या बुजल्या की वितळलेलं पाणी रस्त्यावरच साचतं आणि रात्री काच होतं. ढीग नेहमी उताराच्या खालच्या बाजूला लावा. वरच्या बाजूला लावलेला ढीग दुपारी वितळून रस्ता ओलांडतो. चौकांच्या कोपऱ्यांवर एक मीटरपेक्षा उंच ढीग नको, त्यामागचं मूल किंवा गाडी दिसत नाही. अग्निशमनाचे नळ मोकळे ठेवा. आणि प्लाऊची कड घरांच्या दारात किंवा फुटपाथच्या रॅम्पवर पडली असेल तर ती काढणं हा त्याच फेरीचा भाग समजा.

## ८. फुटपाथ

रस्त्यावर गाड्यांची चाकं मीठ आणि बर्फ घुसळतात. फुटपाथवर ती मदत नाही, म्हणून इथे फावडं हेच मुख्य हत्यार आणि मीठ त्याच्या मागून. लोकांनी तुडवायच्या आत बर्फ काढा. पावलांनी दाबलेला बर्फ तासाभरातच खरवडायला कठीण होतो.

किमान १.२ मीटर रुंद सलग वाट काढा, १.५ मीटर जमली तर व्हीलचेअर आणि बाबागाडी समोरासमोर अडत नाहीत. 'सलग' या शब्दावर माझा भर आहे. शंभर मीटर स्वच्छ फुटपाथ आणि शेवटी रॅम्पवर बर्फाचा बांध, म्हणजे व्हीलचेअरवरच्या माणसासाठी ती वाट बंदच. रॅम्प, बसमध्ये चढायची जागा, सिग्नलचं बटण, अंध व्यक्तींसाठीच्या उंचवट्याच्या लाद्या आणि पायऱ्यांच्या कठड्याकडची बाजू, इतक्या जागा प्रत्येक फेरीत तपासा.

मिठाचं प्रमाण चौरस मीटरला १५ ते २० ग्रॅम, म्हणजे साधारण एक मोठा चमचा. दाणे एकमेकांपासून सुटे दिसले पाहिजेत. पांढरा थर दिसला तर ते जास्त झालं. बर्फ गेल्यावर उरलेले दाणे झाडून पुन्हा डब्यात भरा.

गरम पाणी कधीही ओतू नका. ते पसरून काही मिनिटांत आधीपेक्षा गुळगुळीत थर बनवतं.

फार थंडीत धारदार कडांची २ ते ५ मिलिमीटरची कच वापरा, चौरस मीटरला १०० ग्रॅमच्या आसपास. ती काही वितळवत नाही, फक्त पकड देते, आणि नवा बर्फ पडला की झाकली जाते. साठ्यातल्या कचेत पाच टक्के मीठ मिसळा, म्हणजे ढीग गोठणार नाही. वितळल्यावर ती लवकर झाडून काढा; कोरड्या फरशीवर तीच घसरवते आणि गटारं तुंबवते.

## ९. दोन सर्वांत धोकादायक प्रसंग

पहिला: दिवसा वितळून रात्री गोठणं. वादळ संपलेलं असतं, माणसं थकून घरी गेलेली असतात, रस्ते काळे आणि स्वच्छ दिसतात. दुपारी ढिगांचं पाणी वाहतं, त्यात दिवसाचं मीठ पातळ होऊन वाहून जातं, आणि सूर्य मावळताच पारदर्शक बर्फ तयार होतो. म्हणून वादळानंतरच्या पहिल्या निरभ्र संध्याकाळी एक फेरी ठेवाच, निदान नकाशावरच्या थंड जागांची.

दुसरा: गोठणारा पाऊस. थेंब पाणी म्हणून पडतात आणि रस्त्यावर आदळताच गोठतात. आधी फवारलेलं द्रावण इथे टिकत नाही. पाऊस सुरू होण्याच्या बेतात ओलं मीठ टाका आणि थोड्या थोड्या मात्रेत पुन्हा पुन्हा टाकत राहा. पुरे पडत नाही असं दिसलं, तर रस्ता बंद करायला सांगण्यात कमीपणा नाही. गाड्यांना आणि आपल्या ड्रायव्हरांनाही ते वाचवतं.

## १०. मीठ कुठे नको

- पहिलाच हिवाळा पाहणारं नवं काँक्रीट. तिथे कच वापरा.
- झाडांची आळी आणि विहिरींचा परिसर. मिठातलं क्लोराइड पाण्यातून आपोआप नाहीसं होत नाही, ते साचत जातं. खारट बर्फाचे ढीगही तिथे नकोत.
- मिठाऐवजी अमोनियमची खतंही कुठेच नकोत. ती काँक्रीट खातात.
- लोखंडी पूल आणि जिने: शक्य तिथे क्लोराइड नसलेलं कॅल्शियम मॅग्नेशियम अॅसिटेट वापरा, मात्र उणे ७ च्या खाली त्याचा भरवसा नाही.

## ११. माणसं आणि नोंदवही

रात्रभर एकटा ड्रायव्हर प्लाऊ चालवत असेल तर पहाटे त्याचं लक्ष उडणारच. पाळ्या वादळाआधी वाटून द्या, विश्रांतीचे तास तुमच्या देशाच्या कायद्याप्रमाणे पाळा, आणि पर्यायी ड्रायव्हरला मार्ग हिवाळ्याआधीच दाखवून ठेवा.

नोंदवहीत प्रत्येक फेरीमागे एवढंच: तारीख, निघाल्याची आणि परतल्याची वेळ, मार्ग, रस्त्याचं तापमान, काय टाकलं आणि किती, आणि तासाभराने रस्ता कसा होता. शेवटची नोंद सर्वांत जास्त वगळली जाते, आणि शिकायला तीच लागते. कुणी घसरून पडल्याची तक्रार आली तर हीच वही पुरावा ठरते, म्हणून परत आल्याआल्या भरा, आठवड्याच्या शेवटी आठवून नव्हे.

फेरी संपली की गाडी, चकती, साखळी आणि पात्याचे बोल्ट गोड्या पाण्याने धुवा, साखळीला ग्रीस लावा आणि हॉपर (स्प्रेडरची मिठाची पेटी) रिकामा ठेवा. आत राहिलेलं ओलं मीठ सकाळपर्यंत दगड होतं आणि पुढची फेरी तिथेच अडते.